कॉर्नर, निकेल की सेफ्टी? कोवळ्या बचावपटूची जागा कशी ओळखायची

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका बाबांचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य संघात कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला उभा राहून पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू. उंची ५ फूट ११ इंच, वजन ७९ किलो. गेल्या मोसमात त्याच्या बाजूने समोरच्यांचे दोन लांब टचडाउन झाले, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार गेला. एक प्रशिक्षक म्हणतात, बाहेरच, म्हणजे मैदानात कडेच्या बाजूला, राहू द्या, शिकेल. दुसरे म्हणतात, बाहेर याचा वेग पुरणार नाही, सेफ्टी करा, म्हणजे सर्वांत मागे राखणीला ठेवा. बाबा स्वतः क्रिकेटवर वाढलेले. व्हिडिओ बघताना नेमकं काय बघायचं, मुलाच्या जमेच्या आणि उण्या बाजू कशा ओळखायच्या आणि त्याची खरी जागा कोणती, हे त्यांना विचारायचंय.

मी गेली एकोणीस वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये हायस्कूलच्या मुलांना हीच जागा शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते दोन टचडाउन बाजूला ठेवा. विसरा असं म्हणत नाही, पण सुरुवात तिथून करू नका. शिकवायला लागल्यावर सातव्या-आठव्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून टोचते. एका मुलावर लागोपाठच्या दोन सामन्यांत दोन लांब टचडाउन झाले. व्हिडिओत तो रिसीव्हरच्या मागे दहा यार्डांवर धापा टाकत धावताना दिसत होता. सगळ्यांनी बोट त्याच्याकडे दाखवलं, मीही दाखवलं, आणि त्याची जागा बदलली. मोसम संपल्यावर तेच व्हिडिओ सावकाश पाहिले, तेव्हा कळलं की दोन्ही वेळा आमचा बचाव कव्हर टू होता. त्यात कॉर्नरने जवळचा पट्टा राखायचा आणि रिसीव्हर खोल गेला की त्याला मागच्या सेफ्टीच्या हवाली करायचं असतं. मुलाने नेमकं तेच केलं होतं. सेफ्टी धावण्याच्या खोट्या चालीला भुलून पुढे आला आणि मागे रान मोकळं राहिलं. मुलगा धावत होता तो दुसऱ्याची चूक झाकायला. त्याची माफी मागितली, पण वर्ष निघून गेलं होतं.

तेव्हा पहिला प्रश्न हाच: त्या खेळीत मुलाला सांगितलेलं काम काय होतं? त्याच्या प्रशिक्षकांकडून प्रत्येक खेळीचा कॉल, म्हणजे आधी ठरलेला डाव, मागून घ्या. बरेच जण आनंदाने देतात. कॉल माहीत नसताना कॉर्नरबॅकचा व्हिडिओ बघणं म्हणजे क्षेत्ररचना न बघता गोलंदाजाला शिव्या देणं.

दुसरी गोष्ट हायस्कूलचे पालक सहसा ध्यानात घेत नाहीत. मैदानाची रुंदी सगळीकडे १६० फूट. पण चेंडू जिथून स्नॅप होतो, म्हणजे मागे देऊन खेळी सुरू होते, त्या हॅश रेषांमधलं अंतर प्रत्येक पातळीवर वेगळं आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते साडेअठरा फूट, कॉलेजात ४० फूट आणि हायस्कूलमध्ये ५३ फूट ४ इंच, म्हणजे मैदानाचे बरोबर तीन सारखे भाग. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजव्या कॉर्नरच्या वाट्याला प्रचंड मोकळी जागा येते आणि डाव्याला अगदी चिंचोळी पट्टी. तुमचा मुलगा कुठल्या बाजूला मागे पडला? मोकळ्या बाजूला पडला असेल तर त्याचा अर्थ एक, आखूड बाजूला पडला असेल तर अगदी वेगळा. आखूड बाजूला साइडलाइन हाच तुमचा जादा खेळाडू असतो. तिथेही रिसीव्हर सुटत असेल, तर वेगाच्या आधी मुलाची उभं राहायची जागा तपासावी लागेल.

आता बलस्थानं, उणिवा आणि भूमिका यांची सांगड कशी घालायची, ते एका खऱ्या खेळाडूवरून दाखवतो. कूपर डिजीन. आयोवा राज्यातल्या ओडबोल्ट या हजारेक वस्तीच्या गावचा मुलगा, आजूबाजूच्या चार गावांनी मिळून चालवलेल्या शाळेत क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, आणि २०१९ व २०२० अशी दोन वर्षं राज्य अजिंक्यपद. आयोवा विद्यापीठात तो बचावात आला. २०२२ च्या मोसमात त्याने पाच पास अडवून पकडले आणि त्यातले तीन थेट टचडाउनपर्यंत पळवले. २०२३ मध्ये पकडलेले पास दोनच, तरी तो सर्वानुमते ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंचा मान) ठरला. आकड्यांच्या मागे धावणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. कॉर्नरने पकडलेल्या पासांची संख्या त्याच्या गुणाइतकीच समोरच्या क्वार्टरबॅकच्या निर्णयावर ठरते. ज्याच्या दिशेला चेंडू फेकायलाच कोणी धजत नाही, त्याच्या खात्यात काय जमा होणार? तुमच्या मुलाच्या बाजूला एका सामन्यात किती पास फेकले गेले, ते मोजा. पकडलेल्या पासांपेक्षा तो आकडा जास्त सांगतो.

२०२४ च्या ड्राफ्टआधी, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याआधी, डिजीनबद्दल जाणकारांत फूट होती. कोणी म्हणे बाहेरचा कॉर्नर, कोणी सेफ्टी, कोणी निकेल, म्हणजे आतल्या बाजूला (स्लॉटमध्ये) उभ्या असलेल्या रिसीव्हरसमोर उभा राहणारा पाचवा बॅक, पाचवा मागचा बचावपटू. हा घोळ का झाला, ते तुमच्या मुलाच्या बाबतीतही उपयोगी पडेल, म्हणून त्यात शिरतो.

आयोवाचे बचाव समन्वयक फिल पार्कर यांची पद्धत प्रामुख्याने झोनची. झोनमध्ये कॉर्नर आपल्या पट्ट्याची राखण करतो आणि त्याची नजर क्वार्टरबॅकवर राहू शकते. मॅनमध्ये एका माणसाच्या मागे सावलीसारखं राहायचं, आणि बराच वेळ पाठ क्वार्टरबॅककडे असते. डिजीनचे बहुतेक मोठे पराक्रम पहिल्या प्रकारातले होते: नजर पुढे, चेंडू फेकणाऱ्याच्या खांद्यावर, चेंडू सुटायच्या आधीच पहिलं पाऊल पडलेलं. शाळेत स्वतः क्वार्टरबॅक खेळलेला मुलगा समोरच्या क्वार्टरबॅकच्या डोक्यात काय चाललंय ते वाचतो, यात गूढ काही नाही. पण रिसीव्हरच्या छातीला छाती लावून केलेल्या प्रेस मॅनचा पुरावा फिल्मवर तुलनेने थोडा होता. त्यावरून काहींनी ‘त्याला मॅन जमत नाही’ असा निष्कर्ष काढला. ही घाई होती. फिल्मवर दिसत नाही आणि जमत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरणभातच रांधायला सांगितलेल्या माणसाला पुरणपोळी येत नाही, असं त्याचं ताट बघून कोणी म्हणू नये.

एक बोचरी गोष्टही इथेच सांगून टाकतो. डिजीन गोरा आहे, आणि एनएफएलमध्ये गोरा कॉर्नरबॅक अनेक वर्षं फार विरळा झाला आहे. न्यूयॉर्क जायंट्सचा जेसन सीहॉर्न हे नाव अजून घेतलं जातं ते त्यामुळेच. डिजीनला सेफ्टीकडे ढकलण्याच्या काही मतांत ही सवय नक्कीच मिसळलेली होती, असं मला वाटतं. आपल्या देशी मुलांच्या बाबतीत हे मी स्वतः अनुभवलंय. नाव आणि चेहरा बघून ‘हुशार आहे, मागे उभा राहील’ असं ठरवलं जातं, आणि कंबर किती मोकळी आहे हे कोणी तपासत नाही. दुसरे प्रशिक्षक सेफ्टी म्हणतात ते कशावरून, हे त्यांना जरूर विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

डिजीनच्या खऱ्या उणिवाही होत्या. माघारी जाताना तो कधीकधी ताठ व्हायचा. कंबर उंच राहिली की दिशा बदलायला अर्ध्या पावलाचा उशीर होतो, आणि फसव्या वळणांत तरबेज असलेला रिसीव्हर त्या अर्ध्या पावलावरच जगतो. हात बेताचेच लांब. साइडलाइनवर उंच रिसीव्हरशी झगडताना आणि लांब हातांनी त्याला पहिल्याच पावलाला रोखताना त्याने फरक पडतो. भरीला नोव्हेंबर २०२३ मध्ये सरावात त्याच्या पायाचं हाड मोडलं. त्यामुळे पुढच्या वर्षी इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, तो धावलाच नाही, चाचणी एप्रिलमध्ये वेगळी द्यावी लागली.

कंबरेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कॉर्नरबॅकचं सगळं तिथे आहे. तुम्ही शाळेत खो-खो खेळला असाल. पाठलाग करणाऱ्याचे खांदे एकदा एका दिशेला वळले की त्याला उलटं फिरता येत नाही, आणि धावणारा नेमका त्याची वाट बघत असतो. कॉर्नरला उलटं फिरायला नियमाची मनाई नाही, शरीराची आहे. रिसीव्हरची सगळी सोंगं एवढ्यासाठीच असतात की तुम्ही कंबर चुकीच्या बाजूला उघडावी. चांगला कॉर्नर ती शक्य तितकी उशिरा उघडतो. तोवर तो चवड्यांवर, गुडघे वाकवून, छाती पायांच्या पुढे ठेवून मागे सरकत राहतो. व्हिडिओ निम्म्या वेगाने लावा आणि फक्त बेंबीकडे बघा. डोकं फसवतं, हात फसवतात, बेंबी फसवत नाही. रिसीव्हर वळायच्या आधी तुमच्या मुलाची बेंबी साइडलाइनकडे वळलेली दिसली, तर तो अंदाज बांधतोय. वळल्यानंतर किती पावलांत तो त्याच्या जवळ पोचतो, ते मोजा. दोन पावलं चांगली. चार लागत असतील तर काम आहे, पण ते शिकवता येणारं काम आहे. सोळाव्या वर्षी मुलं वाढत असतात, मांड्या आणि कंबर आखडलेली असते. मी सोळाव्या वर्षी ‘ताठ’ म्हणून शेरा मारलेली निदान पाच-सहा मुलं अठराव्या वर्षी लोण्यासारखी वळायला लागली. वेग तेवढा वाढत नाही, कंबर सुटते.

आता डोळे. रिसीव्हरला पाठ लागून धावताना चेंडू आला की मुलगा काय करतो? काही मुलं घाबरून हात हवेत उडवतात, काही रिसीव्हरला धरतात आणि पंचांचं पिवळं निशाण पडतं, म्हणजे दंड होतो. थोडीच मुलं रिसीव्हरचे हात आणि डोळे वाचून नेमक्या क्षणी मान वळवतात. हे शेवटचं शिकवायला फार जड जातं. मी वर्षानुवर्षं शिकवलंय आणि प्रत्येकाला देता आलेलं नाही. ज्या मुलाला ते नैसर्गिक येतं, त्याला बाहेरच ठेवावं असं माझं मत आहे. ज्याला चेंडू समोर असतानाच दिसतो, पण तेव्हा मात्र इतरांच्या आधी दिसतो, त्याला आत घ्यावं. डिजीन दुसऱ्या प्रकारात उठून दिसायचा, आणि पंट (समोरच्यांनी लाथेने उंच मारलेला चेंडू) परत पळवतानाही हेच जाणवायचं. २०२३ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने ७० यार्ड पळवलेला पंट बघा. चेंडू उंचावर, अकरा जण अंगावर येत आहेत, आणि तरी त्याचे डोळे चेंडू पकडायच्या आधी फट शोधतात. त्याच मोसमात मिनेसोटाविरुद्ध त्याने पंट ५४ यार्ड पळवून टचडाउन केला, पण हाताच्या हालचालीला अवैध फेअर कॅच इशारा (चेंडू नुसता झेलणार, पळवणार नाही, अशी खूण) ठरवून पंचांनी तो रद्द केला आणि आयोवा १२-१० असा हरला. निर्णय काहीही असो, ती धाव खेळाडू ओळखायला पुरेशी आहे. तुमच्या मुलाला शाळेत पंट पकडायला देतात का? देत नसतील तर सरावात द्यायला सांगा. दहा पंटांत त्याचे डोळे कसे चालतात ते कळेल.

तिसरी कसोटी टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याची. स्लॉटमधला कॉर्नर धावणाऱ्याच्या वाटेतच उभा असतो. बाहेरच्याला एखादा टॅकल चुकवून चालून जातं, आतल्याला नाही. कबड्डीत कोपरारक्षक चढाई करणाऱ्याचा घोटा धरायला कधी खाली जातो, ते आठवा. सगळं वेळेवर आणि अंतरावर असतं, आणि मन डगमगलं तर हातात काहीच येत नाही. आपल्या मुलाबद्दल हे बघणं पालकाला जड जातं, पण प्रामाणिकपणे बघा: समोरून ब्लॉकर येत असताना त्याचं शेवटचं पाऊल मोठं होतं की लहान? लहान होत असेल, म्हणजे तो थबकत असेल, तर आत घालून त्याला आणि संघाला त्रास होईल. आणि टॅकल करताना डोकं वर, समोर बघत, खांद्याने. डोकं खाली घालणारा मुलगा कितीही धीट असो, ते सुधारेपर्यंत मी त्याला मैदानात उतरवत नाही.

डिजीनचं पुढे काय झालं? पहिल्या फेरीत त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. फिलाडेल्फिया ईगल्सने दुसऱ्या फेरीत वॉशिंग्टनशी अदलाबदल करून, वर सरकून ४० व्या क्रमांकावर त्याला घेतलं. त्याच संघाने आदल्या दिवशी २२ व्या क्रमांकावर टोलीडो विद्यापीठाचा क्विनयॉन मिचेल घेतला होता, ज्याने कम्बाइनमध्ये ४० यार्ड ४.३३ सेकंदांत कापले होते. उंची दोघांचीही सहा फुटांच्या आसपास. दोघांच्याही कॉलेज फिल्मवर भरपूर झोन. मिचेलला त्यांनी बाहेर ठेवलं, कारण मागे धावताना तो कोणालाही गाठू शकत होता. डिजीनला आत आणलं, तेही लगेच नाही. तो सुरुवातीचे आठवडे राखीव राहिला आणि ऑक्टोबरमध्ये विश्रांतीच्या आठवड्यानंतर निकेल झाला. समन्वयक विक फँजिओ यांच्या बचावात दोन सेफ्टी खोल उभे राहतात, त्यामुळे पुढे माणसं कमी पडतात आणि निकेलला धाव रोखायला उतरावंच लागतं. डिसेंबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध त्याने चेंडू घेऊन धावणाऱ्या डेरिक हेन्रीला मोकळ्या मैदानात अंगावर घेऊन आडवं केलं. हेन्री सुमारे ११२ किलोंचा, हा ९२ चा.

मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती अशी: नेहमीच्या मोसमात त्या दोघांनी मिळून एकही पास पकडला नाही. शून्य. तरी दोघेही वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित बचावपटूच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत होते, आणि ईगल्सचा बचाव सर्वांत कमी यार्ड देणारा ठरला. मग ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, डिजीनने समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याचा पास पकडला आणि ३८ यार्ड पळवून टचडाउन केला. गुणफलक १७-०, शेवटी सामना ४०-२२. ती खेळी पुन्हा बघा. महोम्स उजवीकडे पळत निघालाय, डिजीन झोनमध्ये, छाती आणि डोळे त्याच्याकडे. आयोवात त्याचं जे सर्वांत चांगलं होतं, तेच त्याच्याकडून करून घेतलं गेलं. बाहेरच्या बाजूला रिसीव्हरच्या मागे पळताना तो पास त्याला दिसलाही नसता.

सेफ्टी का नको होतं, हेही विचारता येईल. तो चांगला सेफ्टी झाला असता. पण तिथे खूप मागे उभं राहून त्याचे झटपट पाय वाया गेले असते. स्लॉटमध्ये रिसीव्हरला दोन्ही बाजू मोकळ्या असतात, साइडलाइनची मदत नसते, म्हणून ती जागा अवघड. आणि एनएफएलमध्ये आज निम्म्याहून जास्त खेळ्यांत मैदानावर पाच बॅक असतात, त्यामुळे निकेल म्हणजे राखीव माणूस, हा समज जुना झालाय. हायस्कूलमध्ये मात्र अनेक संघ अजून ही जागा नीट वापरत नाहीत. तुमच्यासमोर म्हणूनच दोनच पर्याय ठेवले गेले असावेत.

तुमच्या मुलाकडे येतो. मी फिल्म पाहिलेली नाही, त्यामुळे निकाल देणार नाही. पण ५ फूट ११ इंच आणि ७९ किलो ही सोळाव्या वर्षी कुठल्याही जागेसाठी आडकाठी नाही, आणि दोन टचडाउनवरून जागा बदलू नका. उरलेल्या मोसमात बाहेरचं काम चालू ठेवून सरावात आठवड्यातून दोनदा त्याला स्लॉटमध्ये, समोर तुमच्या संघातला सर्वांत चपळ मुलगा ठेवून, वीस-वीस खेळ्या द्यायला सांगा. क्वार्टरबॅक नको, नुसते रूट, म्हणजे रिसीव्हरच्या धावायच्या ठरलेल्या वाटा. दोन्ही बाजूंना त्याची कंबर सारखी उघडते का, ते बघा. उजव्या हाताची बहुतेक मुलं एका बाजूला छान वळतात आणि दुसऱ्या बाजूला अडखळतात. तसं असेल तर आत्ताच त्याला आत आणू नका, आधी ती बाजू घडवा. खांदे मैदानावरच्या आडव्या यार्ड-रेषांना समांतर ठेवून मागे सरकायचं, दहा यार्ड, रोज आठ फेऱ्या, सोबत आरशासमोर कंबर उघडण्याचा सराव. सहा आठवड्यांत फरक दिसतो.

आणि एक विनंती. सामन्याचा व्हिडिओ बहुधा तुम्ही मधल्या प्रेक्षागृहातून, चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवत घेत असाल. त्यात कॉर्नरबॅक दिसतो तो चेंडू त्याच्याकडे आल्यावरच, आणि तोवर जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. पुढच्या शुक्रवारी गोलखांबाच्या मागे, शक्य तितक्या उंचीवर उभे राहा. कॅमेरा मुलावर स्थिर ठेवा, चेंडू कुठेही जाऊ दे. स्नॅपच्या दोन सेकंद आधी सुरू करा, शिट्टीनंतर दोन सेकंदांनी थांबवा. अशा चाळीस खेळ्या, सोबत त्यांचे कॉल, माझ्याकडे पाठवा. बसून बघू.